झाडीतलं मैदान

"काका गोल्फचं विचारणार," लीना पुटपुटली. "तयार राहा."

जयप्रकाश दाराशी वाकून बुटांच्या नाड्या सोडत होता. त्याची आई, नलिनीबाई, आत जाऊन बसल्यासुद्धा होत्या. त्याने मान वर केली. चेहरा पिठासारखा पांढरा.

"गोल्फचं? का?"

"तेही आयर्लंडला होते. तुमच्यासारखेच. बोलले नव्हते मी?"

"नाही," तो म्हणाला.

लीनाला स्वतःच्याच थोबाडीत मारावंसं वाटलं. गणेशोत्सवातल्या नाटकाच्या तालमींना दोघं जगातल्या सगळ्या विषयांवर बोलली होती आणि नेमकं हेच राहिलं!

घरात शेवटचा शब्द श्यामरावकाकांचा. लीनाचे वडील, दत्तात्रय, बँकेत साहेब होते, पण थोरल्या भावापुढे तोंड उघडत नसत. काकांनी आधीची दोन स्थळं चहा गार व्हायच्या आत उडवली होती. एक जण डोळे चुकवत होता म्हणून, दुसरा आईवर खेकसला म्हणून. तिसरं मात्र वडिलांनीच मोडलं. मुलाच्या मावशीला क्षय होऊन गेल्याचं कळलं होतं. "असल्या घरात पोरगी देण्यापेक्षा हुगळीत ढकलीन!" ते ओरडत होते. काका त्या दिवशी नुसते पानाला चुना लावत बसले होते.

आता हेही मोडलं, तर वडील पुण्याच्या बिजवराला होकार कळवणार होते. तसं त्यांनी सकाळीच सुनावलं होतं.

काकांचं आयर्लंड म्हणजे बालीगंजच्या झाडून सगळ्या मराठी घरांना पाठ. तरुणपणी तागाच्या गिरणीने त्यांना यंत्रं शिकायला तिकडे धाडलं होतं. यंत्रांचं सांगणं ते दोन वाक्यांत उरकत. मग गोल्फ. समुद्राकाठची मैदानं काही खरी नव्हेत, तिथे नुसता वारा. खेळावं ते आतल्या बाजूला, खेड्यापाड्यात, उंच झाडीतल्या हिरवळीवर. पहाटे धुकं. सावकाश चालायचं, पळायचं कुणी नाही. मग व्हरांड्यात लांब खुर्च्या, पायांवर घोंगडी, पेलाभर दूध. आणि दुपारी घंटा झाली की सगळा क्लब चिडीचूप.

"घंटा? खेळायला जायचात की शाळेत?" प्रेमलताकाकू दरवेळी टोला हाणायच्या.

"तुला काय कळतंय त्यातलं!" काकांचं उत्तर ठरलेलं.

टॉलीगंजच्या क्लबात ऑफिसातले लोक बोलवायचे. पण गुडघे गेलेत म्हणून काकांनी तिथे कधी गोल्फची काठी हातात धरली नव्हती.

लीना पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली. वीज गेलेली. पंखा ठप्प. नलिनीबाई घामाने डबडबल्या होत्या आणि संदेश मिठाई किती मऊ आहे हे पुन्हा पुन्हा सांगत होत्या.

"आयर्लंडला होतास म्हणे?" काकांनी सुरुवात केलीच.

"दोन वर्षं!" नलिनीबाईच बोलल्या. "हावड्याच्या कारखान्यानेच पाठवलं. काय थंडी हो तिकडे!"

"अहो, त्याला बोलू द्या की. मुका नाही ना?"

काकू फिस्सकन हसल्या. लीनाला त्यांचा असा राग आला, की बशी हातातून सुटलीच असती.

"गोल्फ खेळलास?"

"थोडंसं," जयप्रकाश म्हणाला.

"समुद्राकाठी?"

"नाही. आत. झाडीत."

"झाडं कसली?"

"चीड. सुईसारख्या पानांची."

गेलं! काकांच्या आयर्लंडात सगळीकडे ओक होते. लीना लहानपणापासून ते ऐकत आली होती. लांब कशाला, मघाशी दारात नुसतं 'ओक' एवढं म्हणाली असती तरी भागलं असतं.

काकांच्या हातातला चमचा थांबला.

"चीड," ते म्हणाले. "वारं सुटलं की आवाज कसा येतो?"

"समुद्र जवळ असल्यासारखा. नव्या माणसाला झोप लागत नाही."

"आणि दुपारी?"

जयप्रकाशने बशी खाली ठेवली. नलिनीबाईंनी पदराचं टोक मुठीत आवळलं. खाली ट्राम घणघणत गेली.

"दुपारी घंटा होते," तो अखेर म्हणाला. "मग कुणी बोलायचं नाही."

"अगंबाई!" काकूंनी टाळी वाजवली. "म्हणजे ती घंटा खरी आहे तर!"

वडीलही हसले. लीनाचा श्वास मोकळा झाला. चुकला नव्हता तो. झाडांचं सोडा, कुठे ओक असतील, कुठे चीड.

हसले नाहीत ते फक्त काका. ते खुर्चीचा हात धरून उठले.

"गॅलरीत चल जरा माझ्याबरोबर."

जयप्रकाश मागोमाग गेला. दार लोटलं गेलं.

मग नुसतं बसणं. वडील लीनाकडे बघेनात. नलिनीबाईंचे डोळे त्या दाराला चिकटले होते, त्यातून जणू पोलीसच येणार होता. काकूंनी पुन्हा पोहे वाढले, कुणी खाल्ले नाहीत. काका कुठलंही स्थळ उडवायचे ते सगळ्यांदेखत. असं बाजूला घेऊन कधीच नाही.

"किती वेळ हा!" लीना फणकारली.

"गप्प बस," वडील म्हणाले.

ती गप्प बसणारी नव्हती. दोन कप चहा उचलला आणि कोपराने दार ढकललं. दोघं कठड्याशी पाठमोरे उभे होते. काकांचा हात जयप्रकाशच्या खांद्यावर होता.

"दत्तूला मी बघतो. तू तुझ्या तोंडाने काही बोलू नकोस," काका हळू आवाजात सांगत होते. "लीना तुझीच."

कप बशीत वाजू नयेत म्हणून ती जागच्या जागी थांबली.

"खोकल्यातून रक्त पडायचं थांबायला मला वर्ष लागलं होतं," काका म्हणाले. "तुला?"