फळी कुरकुरली तेव्हा

व्हिएन्नाच्या क्वांटम प्रयोगशाळेत वेन्झेल प्रकाशाच्या कणांतून गुप्त निरोप पाठवतो. जेवताना त्याचं तेच कौतुक. "अगं गेर्लिंडे, वाटेत कुणी चोरून ऐकायला गेलं ना, की त्या ऐकण्यानंच कण बदलतात! चोर तिथंच सापडतो."

"शहाणे आहेत हो तुझे कण. पाव सरकव इकडे."

गेर्लिंडेचं लक्ष लेकीच्या बंद दाराकडे होतं. फ्रान्सी आजही सूप तसंच टाकून उठली होती. हल्ली रोजचंच झालं होतं हे, आणि विचारलं की "काही नाही गं, आई." आता ती आत फोनवर मैत्रिणीशी दबक्या आवाजात बोलत होती. गेर्लिंडे नुसताच सुपात चमचा फिरवत राहिली.

"थांब, मी कानोसा घेतो," म्हणत वेन्झेल उठला. जुन्या लाकडी जमिनीवरून चवड्यांवर चालत दारापर्यंत गेला. एक फळी तेवढी कुरकुरली. दाराला कान लावून तो खुशीत परत आला.

"उगाच जिवाला घोर लावून घेतेस! पोरगी खळखळून हसतेय."

गेर्लिंडेनं चमचा खाली ठेवला.



"फळी कुरकुरायच्या आधीपासून हसत होती, की नंतर?"