बंब : संख्या

तालुक्यात चालू स्थितीतले चार हजार एकशे बारा बंब आहेत, हे अक्षदा मॅडमनी मोठ्यानं वाचलं आणि सभागृहाकडं कौतुकानं पाहिलं. अग्निशमन सेवेचा आराखडा करायला त्या जिल्ह्याहून आल्या होत्या. इतका सज्ज तालुका त्यांनी आजवर पाहिला नव्हता.

मागच्या रांगेत अकबरनं मान खाली घातली. तालुक्यात आगीचा बंब एकच होता, आणि एकोणीस वर्षं तो अकबरच चालवत होता.

“त्यातले तांब्याचे एकतीसशे. बाकी लोखंडी,” हेडक्लार्क सयाजीरावांनी माहिती पुरवली.

“तांब्याचे?” मॅडमनी चष्मा काढला.

झालं होतं असं की, वरून आलेल्या तक्त्यात ‘बंब : संख्या’ एवढंच छापलं होतं. कसला, ते नव्हतं. सयाजीरावांनी तक्ता ग्रामसेवकांना धाडला. ग्रामसेवक घरोघर हिंडले आणि अंघोळीचं पाणी तापवायचे बंब मोजून आले. काम अगदी चोख. गळके वगळले होते. ज्यांच्याकडं सोलर आलाय, त्यांचा मोरीत पडलेला जुना बंब ‘राखीव’ म्हणून धरला होता. अकबरच्या घरी तर त्याच्या बायकोनं, बिबिजाननं, सरकारी माणूस येणार म्हणून बंब चिंचेनं घासून अंगणात मांडून ठेवला होता.

पुढचं सगळं कॉम्प्युटरनं केलं. आग लागल्यापासून बंब पोचायला लागणारा वेळ त्यानं शून्य मिनिटं काढला. सेवेचा दर्जा ‘अत्युत्तम’ ठरवला. अकबरनं गाडीवर आणखी चार माणसं मागितली होती; बंब दारोदारी उभे असल्यामुळं होती ती दोनसुद्धा जास्त ठरली. त्याचा एकुलता जोडीदार संपत याची बदली सुचवण्यात आली होती.

अकबर उठला.

“मॅडम, हे आंघुळीचे बंब हायेत. आगीचे चार हजार असते ना, तर आमी नगर जिल्ह्यातल्या आगी पण इझवून आलो असतो. आन् शून्य मिनटं काय? नारायणगावला टोमॅटोच्या गाड्या आडव्या लागल्या की पंधरा मिनटं नुसता सायरन वाजवत बसतो मी. शून्य मिनटांत तर शीटवर पण चढून व्हत न्हाई.”

दोघंतिघं हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी आकड्यावर पेन टेकवलं.

“थांबा, मॅडम.” सयाजीराव लगबगीनं पुढं आले. “चार हजार एकशे बाराचा एक केलात, तर वरून पहिलं काय विचारतील? बाकीचे चार हजार एकशे अकरा बंब गेले कुठं? चौकशी लागंल. आणि खाडाखोडीवर सही तुमची राहील.”

पेन थांबलं. कामाची पेनं अशी ऐन वेळेला थांबलेली अकबरनं पुष्कळ पाहिली होती. आता तो आकडा तसाच वर जाणार, संपत जाणार, आणि पुढच्या आगीला गाडीवर आपण एकटेच. तो खाली बसला.

त्याच्या शेजारचा माणूस मात्र उभा राहिला. हा म्हस्कू. आळे गावाच्या पलीकडच्या वस्तीवरचा, मेंढरं राखणारा. आगीच्या बैठकीत आग पाहिलेला एक तरी माणूस असावा, म्हणून अकबरनं त्याला आणलं होतं. बोलायचं नाही, नुसतं बसायचं, असं ठरलं होतं.

“त्यातला येक आमचा हाय,” म्हस्कू म्हणाला. “त्यो तर कमी करा. आग त्यानंच लावली.”

“म्हणजे?”

“मी मेंढरं घिऊन यायचा व्हतो, म्हनून सुंदरानं बंब पेटवला. ठिनगी कोकरांच्या छपरावरल्या पाचटावर गेली. कोकरं काढाया ती आत शिरली.”

“सुंदरा कोण?”

“मालकीन. आमची बायकू.”

“मग गाडी आली नाही का?”

“आली की. अकबरभाईनं लई पळवत आनली.”

त्या दिवशी संपतची साप्ताहिक सुट्टी होती. गाडी जुनी, दांड्यावरचा हात सोडला की तिचा पंप बंद पडतो. अकबर पंपापाशी अडकला. पाण्याच्या जोरानं उसळणारा पाइप म्हस्कूनं पोटाशी आवळून धरला, कारण धरायला दुसरं कोणी नव्हतं. दोघंही एकमेकांना हाका मारत होते. तिसरी हाक आतून येत होती. काही वेळानं ती थांबली.

मॅडमनी चार हजार एकशे बारावर आडवी रेघ मारली. शेजारी एक लिहिला आणि समासात पूर्ण नाव घालून सही केली. सयाजीराव पंख्याकडं बघत राहिले.

पुढचा रकाना ‘आवश्यक मनुष्यबळ’ असा होता. नियमानं एका गाडीला सहा माणसं येत होती. तरी मॅडम म्हस्कूकडं वळल्या.

“काका, त्या दिवशी किती माणसं कमी पडली?”

सरकारी कागदावर उगाच जास्त मागायला नको, अशा बेतानं म्हस्कू बोलला.

“येकच. आत जायला.”