इंजिनियरसाहेबांचा जोड

“जग इंजिनियरांनी उभं केलंय, वेल्डरांनी नव्हे!” अशी घोषणा गुरुनाथने गाडीत एकट्यानेच, काचा बंद करून दिली. मग तो कम्युनिटी कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये शिरला. हायस्कूलमधली त्याची लेक हिमानी उन्हाळ्यात तिथे वेल्डिंग शिकली होती. पण पुढच्या पूर्ण कोर्सचा प्रवेश बाबाच्या संमतीच्या सहीपाशी अडला होता. “मी स्वतः मेकॅनिकल इंजिनियर आहे,” त्याने शिक्षिकेला बजावलं. “वा! मग मुलांना करूनच दाखवा,” म्हणत तिने आनंदाने त्याला मास्क चढवला. ठिणग्या भरपूर उडाल्या. लोखंडावर मात्र वितळलेल्या मेणबत्तीसारखं काहीतरी साचलं. शेजारीच हिमानीचा जोड शिवणीसारखा सरळ होता. “इट्स ओके, बाबा,” ती म्हणाली, अजिबात न हसता. गुरुनाथने पेन काढलं. “सही करतो,” तो कुजबुजला, “कॉलेजातही माझे जोड वर्कशॉपमधले मदतनीस मामाच करून द्यायचे. बाळा, आजचा एवढा तू नीट करून दे.”