परीक्षेचं सूप

दाढ काढताना आचाऱ्याने "दुखतंय, दुखतंय" करून डॉक्टरकडून तीन इंजेक्शनं उकळली. डॉक्टरांनी बजावलं, "दुखण्याची खबर नेणारी नस झोपली, की ओठाचीही खबर बंद. तीन तास जपा." पण तासाभरात हा पठ्ठ्या नव्या हॉटेलात नोकरीच्या परीक्षेचं सूप ढवळत होता. मदतीला येऊन शेजारी कांदा चिरणाऱ्या बायकोने पाहिलं, वास घ्यायला तो पातेल्यावर वाकला, आणि लोंबत्या ओठावरून रक्ताळलेल्या लाळेची तार सरळ सुपात उतरली. "अहो, तोंड पुसा!" ती कुजबुजली. "कशाला? काही कळतच नाही, मस्त वाटतंय," म्हणत त्याने आणखी एक तार सोडली. तेवढ्यात मालक आला, त्याने वाटीभर सूप भुरकलं. "वा! काय दाटपणा आलाय! नोकरी पक्की!" मग भरलेला चमचा तिच्यापुढे धरला. "चाखा वहिनी, लाजू नका." तिने डोळे मिटून गिळलं.