देवाच्या वाटणीचा पाक

खंडेरावांनी लुना थेट गोठ्यामागे नेऊन उभी केली. हँडलला लांब सुतळीनं बांधलेली पिशवी त्यांनी अंगापासून हातभर दूर धरून सोडवली आणि दगडावर ठेवली. तीस वर्षं गळ्यात तुळशीची माळ होती. मासळी बाजारावरून जायची वेळ आली तर ते नाकाला उपरणं लावून जात. आज त्याच बाजारात तासभर उभे राहून आले होते.

"सालमन मागितला तर बाई हसायलाच लागली," ते म्हणाले. "म्हणली, तो इकडं नाय येत बाबा. हा रावस न्या, त्याचा चुलतभाऊच समजा."

त्यांच्या बायकोनं, नवसाबाईंनी, पिशवी उघडली. चार तुकडे होते. मासळीवालीनं कापून दिले हे पाहून त्यांना हायसं वाटलं, कारण उभ्या जन्मात त्यांनी माशाला हात लावला नव्हता. गोठ्यामागे तीन विटांची चूल मांडली होती आणि तवा शेजारच्या सुलाबाईचा होता. घरातलं एकही भांडं त्यांनी बाहेर आणलं नव्हतं.

चुलीपासून चार पावलांवर, खाटेवर त्यांची लेक रूपाली पडली होती. चौथा महिना चालू होता. टोरांटोहून येऊन तीन आठवडे झाले आणि पोटात पाणीसुद्धा टिकत नव्हतं. पेज उलटून पडली, भात पडला, डाळिंबाचे दाणे पडले. डॉक्टर म्हणाले होते, आजचा दिवस बघा, नाहीतर उद्या भरती करा. अशात काल संध्याकाळी तिनं पहिल्यांदाच काहीतरी मागितलं. तिकडे जावई करायचे तसा सालमन, तिकडच्या झाडाच्या रसाचा गोड पाक घालून. माशात पाक, आणि तोही जावयाच्या हातचा! खंडेराव रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिले. पण डोहाळे ते डोहाळे. सकाळी उठून त्यांनी लुनाला किक मारली.

पाक खरं तर घरातच होता. रूपालीनंच त्याची बाटली आणली होती, लाल पानाचं चित्र असलेली. पण झाडातून निघतो म्हटल्यावर खंडेरावांनी ती आल्या दिवशीच देवघरात नेली. "मधमाशीचं उष्टं तरी नाय हे," म्हणाले, आणि तेव्हापासून विठोबाच्या रोजच्या पंचामृतात मधाऐवजी तोच पडत होता. आता देवाची बाटली माशासाठी मागायची कुणी? रूपालीच म्हणाली, "राहू दे आई, काकवी घाल." कळवणहून आलेली काकवी नवसाबाईंनी वाटीत काढली.

गोड मासा म्हणजे काय, हे काही त्यांना उमगेना. शेवटी त्यांनी त्याला कारलं समजायचं ठरवलं. कारल्याला मीठ चोळायचं, पिळायचं आणि गुळात परतायचं. त्यांनी मीठ चोळलं आणि पहिला तुकडा घट्ट पिळला. तो मुठीतच मोडला.

"अगं, पिळू नको!" रूपाली खाटेवरून ओरडली. तीन आठवड्यांत तिचा आवाज एवढा मोठा निघाला नव्हता.

दुसरा तुकडा नीट भाजला गेला. नवसाबाईंचा हात सवयीनं हिंगाकडे गेला तो रूपालीनं अडवला. वर काकवी पडली, चरचरली. रूपालीनं एक घास तोंडात घातला, डोळे मिटून चावला आणि ताटली ठेवून मोरीकडे धावली.

"काकवीचा वास येतो गं," ती परत येऊन पडत म्हणाली. नवसाबाई चुलीपुढे बसून सरळ रडू लागल्या.

"उद्या सलाईन लावतील माझ्या पोरीला. अन् पोटातल्याचं काय व्हायचं?"

खंडेराव लांब उभे होते. ते घरात गेले आणि देवघरातली बाटली घेऊन आले. झाकणाला सकाळचं गंध तसंच होतं.

"आप्पा, देवाचं हाय ते!" नवसाबाईंच्या आधी रूपालीच म्हणाली.

"पोटातलं काय कुणाचं हाय मग?" ते म्हणाले. "सांग, कधी ओतायचा?"

तिसरा तुकडा तव्यावर पडला. हात लांब करून, तोंड फिरवून, खंडेरावांनी त्यावर बाटली धरली. "बास?" ते विचारत होते. "अजून थोडा," रूपाली म्हणत होती. पाक तव्यावर बुडबुडला आणि माशाला तांबूस चकाकी आली. तिनं तो सगळा खाल्ला. मग चौथा खाल्ला. मग ताटलीला लागलेला पाक बोटानं पुसून खाल्ला.

आता खरी परीक्षा होती. जे पडायचं ते अर्ध्या तासात पडायचं. नवसाबाई बादली घेऊन उशाशी बसल्या. खंडेरावांनी विकायला तोडलेल्या गुलाबांच्या जुड्या बांधायला घेतल्या आणि एकच जुडी तीनदा सोडून बांधली. अर्धा तास गेला. पाऊण तास झाला. खाटेवरून एक लांबलचक ढेकर आला आणि मागोमाग घोरणं. लेकीचं घोरणं ऐकून आईबापाचा जीव भांड्यात पडला. नवसाबाईंनी रिकामी बादली उचलून मोरीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी भरती करायची गरज पडली नाही. सकाळी उठल्या उठल्या रूपालीनं विचारलं, "आप्पा, आज पण बाजारात जाता?"

खंडेराव पूजेला बसले होते. त्यांनी काल परत देवघरात ठेवलेली बाटली उजेडात धरून पाहिली. चार-पाच दिवस पुरेल एवढा पाक होता. त्यांनी ती उचलून बाहेर, गोठ्याच्या भिंतीतल्या, लेकीच्या खाटेकडच्या कोनाड्यात ठेवली. मग पंचामृतात चमचाभर काकवी घातली आणि विठोबाला म्हणाले, "घे बाबा. तुला काय उलट्या होत नाहीत."