राजवाड्याचा विस्तव

सूर्य डोंगराला टेकला तेव्हा अस्गेदोमने राजवाड्यापुढच्या विस्तवावर शेवटची घागर पालथी केली. सात पिढ्या तो विस्तव विझला नव्हता. तो विझला की राजाचा वंश विझेल, हे अक्सुम नगरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

पण राजाने शब्द दिला होता. समुद्रापलीकडचा क्रूसवाला धर्मगुरू तीन वर्षं दरबारात तळ ठोकून बसला, तरी राजाने धरला तो डोंगरातल्या लोहार-कुंभारांचा, मोशेचा धर्म. आज पहिला शब्बाथ, त्या धर्माचा विसाव्याचा दिवस. उद्या तारे दिसेपर्यंत नगरात चूल, दिवा, काही म्हणजे काही पेटायचं नव्हतं.

"आता तरी घरी चला," अस्गेदोमची बायको झेव्दी म्हणाली. "चाळीस वर्षं फुंकत बसलात. आज फुंकायला काही उरलं नाही. तेफच्या भाकऱ्या सकाळीच भाजून ठेवल्यात."

"तू हो पुढे."

"आणि त्या मडक्यात काय आहे?"

"राख."

"राखेला झाकण लागतं होय?" ती फणकाऱ्याने निघून गेली.

राखेखाली एक निखारा होता. सापडला तर मान जाईल, हे म्हाताऱ्याला कळत होतं. पण राजवाड्यात राणीचं महिन्याभराचं बाळ होतं. राजाचा वंश म्हणजे तेवढाच एक जीव.

घरोघरचे उजेड गेले. अंधारातून राजा अनवाणी, एकटाच आला आणि मातीत बसला. अस्गेदोम धडपडत उठू लागला.

"बस, बाबा. मला आत बसवेना." राजा म्हणाला. "बाळ दुपारपासून दूध ओढत नाही. डोळेही उघडत नाही."

मग राजा हळूच म्हणाला, "राखेत एखादा निखारा राहिला असेल का?"

अस्गेदोमने मडकं पुढे ओढलं, झाकण काढलं, राखेत बोटं घातली. राख गार होती. जन्मभर विस्तव जागवणाऱ्या माणसाने भीतीपोटी झाकण घट्ट दाबलं होतं. निखारा केव्हाच गुदमरला होता.

"विझला, महाराज."

राजवाड्याकडे बघायची दोघांचीही छाती होईना. म्हणून त्यांनी वर पाहिलं.

विस्तवापाशी बसून अस्गेदोमला कधी आकाश दिसलंच नव्हतं. आज सगळं नगर विझलं होतं आणि वर तारेच तारे होते, तिळाएवढी जागा नव्हती. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. त्याने राजाचा हात धरला होता, आणि ते दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

तेवढ्यात आतून रडणं ऐकू आलं. आधी बारीक, मग खणखणीत, भुकेलेलं. पाठोपाठ बायकांचा गलका उठला, आणि मग रडणं एकदम थांबलं, तोंडात दूध आल्यावर थांबतं तसं.

राजा मातीतच ओंजळीत तोंड लपवून हुंदके देऊ लागला.

"आणि मी तर," अस्गेदोम पुटपुटला, "फुंकरसुद्धा घातली नाही."