तारेच्या वेण्या

म्हातारे तपासनीस गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी विजेरीचा झोत इंजिनच्या पोटाखाली टाकला. ताई दोन पावले मागे उभी होती. तिचा धाकटा भाऊ, आजचा स्वार, नव्या चामडी पोशाखात फोटोला उभे राहावे तसा मोटारसायकलला खेटून उभा होता.

अठ्ठावीस वर्षांची, लांब पल्ल्याची गाडी. आठ महिने खपून ताईने तिच्या अंगावरचे सारे प्रवास एकेक करून उतरवले होते: सामानाच्या पेट्या, मागची सीट, आरसे, मोठा दिवा. हँडल खाली आणले, पावदाने वर नेली. आता ती जुन्या गाड्यांच्या शर्यतीत उतरणार होती. अर्जात ‘मेकॅनिक’पुढे भावाने स्वतःचेच नाव लिहिले होते. बाईचे नाव दिसले की लोक उगाच दहा ठिकाणी खोट काढतात, असे त्याचे म्हणणे. ताईने ते गिळले होते. गाडी धावावी, एवढेच तिला हवे होते.

तपासनीस बोल्टांच्या तारा पाहू लागले. हादऱ्यांनी बोल्ट सैल होऊ नये म्हणून त्याच्या डोक्याला भोक पाडायचे, त्यातून बारीक तार ओवून पिळायची आणि अशी बांधायची की तिची ओढ सदैव आवळण्याकडेच राहील. अशा बारा तारा होत्या.

“काय वेण्या घातल्यात,” ते खालूनच म्हणाले. “एक केस इकडचा तिकडे नाही. कुणाच्या हातच्या?”

“माझ्याच,” भाऊ म्हणाला.

आमच्या पोरींच्याही घालून द्या, असे तपासणीसाठी मागे थांबलेल्या रांगेतून कुणीतरी म्हटले. हशा पिकला. भावाने तोही आपलाच मानून घेतला. ताईने दातांखाली ओठ धरला.

मग झोत एका जागी थांबला. तेल सोडायच्या बुचावरची तार उलटी बांधलेली होती. ती बूच आवळत नव्हती, उघडत होती. ट्रॅकवर तेल सांडले तर मागून येणारा पुन्हा उठायचा नाही, असे तपासनीस शांतपणे म्हणाले. ही एवढी एकच कुणी लावली, असेही त्यांनी विचारले.

ताईला ठाऊक होते. सकाळी तेल बदलून ती तार भावानेच बांधली होती. ती बघायला वाकली, तेव्हा माझ्यावर भरवसा नाही का, म्हणून त्यानेच तिला उठवले होते.

भाऊ हसला. “ती ताईने लावली असेल. मदतीला येते अधूनमधून.”

रांगेतल्या माना हलल्या. कोडे सुटल्यासारख्या.

तपासनीसांनी दहा मिनिटे दिली. भाऊ तिच्या कानाशी आला. “ताई, लाव ना पटकन. काय बोलायचं ते घरी बोल.”

तिने पकड उचलली आणि गाडीखाली सरकली. उलटी तार कापली. इंजिन तिच्या चेहऱ्यापासून वीतभर वर होते. त्याचा प्रत्येक कोपरा तिला अंधारातही सापडला असता. मग तिने शेजारची तार कापली. तिच्या पलीकडची. बाहेर येऊन ब्रेकवरच्याही. तपासनीसांनी अडवायला हात उचलला आणि अर्ध्यावरूनच मागे घेतला. जमिनीवर पिळदार तुकडे पडत राहिले. बाराच्या बारा.

“वेड लागलंय का तुला?” भाऊ पुढे झाला.

पुन्हा खाली सरकून ताईने बुचाला नवी तार ओवली, पिळली, योग्य दिशेने बांधली. दोन मिनिटेही लागली नाहीत. मग उठून तिने तारेचे भेंडोळे आणि पकड त्याच्यापुढे धरली.

“एकच माझी ना? ती लावली. अकरा तुझ्या आहेत, तू लाव.”

भाऊ खाली बसला. जाड हातमोज्यांतून तार भोकात शिरेना, म्हणून त्याने ते काढले. तपासनीसांनी विजेरी त्याच्या हातांवर धरली. मऊ, नितळ हात. कुठे साधा ओरखडाही नव्हता. रांगही बघत होती.